खुर्चीवरून उठताना: नेरुळमधल्या ज्येष्ठांच्या व्यायामवर्गाच्या नोंदी

नवी मुंबईत नेरुळ पश्चिमेला आमच्या सेक्टरमध्ये ज्येष्ठ नागरिक संघाची तळमजल्यावर एक खोली आहे. तीस फूट बाय अठरा फूट, दोन फुटी गुळगुळीत लाद्या, कोपऱ्यात दत्ताची तसबीर. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सात वाजता तिथे व्यायामाचा वर्ग घ्यायचं ठरलं. मी शाळेत २२ वर्षं पीटी शिकवलं, पण साठीच्या पुढच्या माणसांना कधीच शिकवलं नव्हतं. आपल्या भागात कुणी असा वर्ग काढणार असेल, तर माझ्या चुका त्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवते आहे.

२ जून २०२५, सोमवार

२३ जण आले. मी शाळेच्याच सवयीने सुरुवात केली: शिट्टी, जागेवर धावणं, कमरेतून वाकून पायाचे अंगठे धरणं. विसाव्या मिनिटाला तिघं भिंतीला टेकून उभे राहिले. बँकेतून निवृत्त झालेले एक काका पांढरेफटक पडले होते. नाडी मोजली तर ७६, म्हणून मी निश्चिंत झाले आणि वर्ग पुढे चालू ठेवला.

संध्याकाळी सीवूड्सच्या माझ्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला हे सांगितलं. तिचा पहिलाच प्रश्न, "त्यांना बीपीची कुठली गोळी आहे?" काकांना फोन केला. गोळी बीटा ब्लॉकर निघाली. ती नाडी फारशी वाढू देत नाही, म्हणजे दम किती लागलाय ते नाडीवरून कळणारच नव्हतं. आजपासून नाडीवर विसंबायचं नाही, माणसाला बोलतं करायचं. व्यायाम करता करता आपल्या गावाचं, तालुक्याचं नाव एका वाक्यात सांगता आलं तर ठीक. दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी.

वाकून अंगठे धरणंही बंद. तेवीसपैकी किती जणांची हाडं ठिसूळ झाली आहेत हे मला माहीतच नव्हतं. अशा माणसाने पाठ गोल करून वाकलं तर कण्याचा मणका दबू शकतो. आज काही झालं नाही, हे नशीब.

४ ते ९ जून

वर्ग बंद ठेवला. लोक नाराज झाले, पण आधी माहिती हवी होती.

फॉर्म छापले: २३ प्रती, ४६ रुपये. सगळ्यांना एकत्र बसवून भरायला दिले. प्रत्येकाने "थोडा बीपी, बाकी काही नाही" असंच लिहिलं. शेजारी मैत्रीण बसलेली असताना लघवीचा त्रास, पडणं, बायपास असलं कोण लिहील? मग एकेकाच्या घरी गेले. घरी गोळ्यांचा डबा समोर येतो आणि डबा खरं बोलतो. दोघांची बायपास झालेली, चौघींना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या, एका काकूंचा मणका आधीच दबलेला, एका काकांचा गुडघा बदललेला, आणि सहा जण गेल्या वर्षात निदान एकदा पडलेले. पडलेल्यांपैकी चौघांनी घरच्यांनाही सांगितलं नव्हतं. "मुलगा बाहेर जायचं बंद करेल," एक आजी म्हणाल्या.

डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मागवल्या. बहुतेकींवर "व्यायाम करण्यास हरकत नाही" एवढं एकच वाक्य. याचा वर्गात उपयोग शून्य. दुसऱ्यांदा चिठ्ठीत प्रश्नच लिहून पाठवला: कोणत्या हालचाली टाळायच्या? वजन उचललेलं चालेल का? व्यायामाच्या दिवशी गोळीची वेळ बदलायची का? या वेळी कामाची उत्तरं आली. यात सहा दिवस गेले, ते जायलाच हवे होते.

११ जून, बुधवार

दोन तुकड्या केल्या, सातची आणि आठची. माणशी निदान पाच बाय पाच फूट जागा हवी. २३ जणांना एकदम घेतलं तर हात पसरल्यावर शेजाऱ्याच्या चष्म्याला लागतो, तसा एकदा लागलाही.

खुर्च्या मंडपवाल्याकडून आणल्या: प्लास्टिकच्या, १२ नग, महिन्याचं भाडं ९६० रुपये. पहिल्याच उठ-बसला एका आजोबांची खुर्ची लादीवरून मागे सरकली. मी शेजारीच होते, दंडाला धरलं. आजोबा हसले. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

१३ जून

लोखंडी चौकटीच्या, बिनहाताच्या, घडी न होणाऱ्या १२ खुर्च्या तुर्भ्यातल्या एका भंगारवाल्याकडे मिळाल्या, प्रत्येकी ३५० रुपये. पायांना रबरी बूट बसवले, नगाला १२ रुपये, एकूण ५७६. सगळ्या खुर्च्यांची पाठ भिंतीला टेकवली. घडीची खुर्ची चुकूनही घेऊ नका. पुढच्या कडेवर बसून उठताना ती मिटते.

१६ जून

पाऊस या वर्षी मे महिन्यातच आला, त्यामुळे दारात रोज ओल्या छत्र्या आणि ओल्या चपला. तसबिरीमुळे खोलीत पादत्राणं चालत नाहीत, म्हणून सगळे अनवाणी किंवा मोज्यांवर. मोजे लादीवर साबणासारखे सरकतात. आणि मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे त्यांना अनवाणी व्यायाम करायला लावणं धोक्याचं, टाचणी रुतली तरी त्यांना कळत नाही.

समितीशी तीनदा बोलले. शेवटी मान्य झालं ते असं: नवे बूट, पिशवीत घालून आणायचे, खोलीत आल्यावर घालायचे, रस्त्यावर कधीच नाही. तसबीर आता उंच फळीवर गेली आहे. छत्र्यांसाठी दाराबाहेर बादली, आत दोन जाड पायपुसणी, आणि वर्गाआधी दहा मिनिटं मी स्वतः कोरड्या फडक्याने लादी पुसते. हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

१८ जून

मोजमाप. खरं तर हे दुसऱ्यांदा. ११ तारखेला घेतलेले आकडे फेकून द्यावे लागले, कारण प्लास्टिकच्या खुर्च्या बुटक्या होत्या आणि बसल्यावर वाकायच्या. बसण्याची उंची बदलली की उठण्याचा आकडाही बदलतो. आता सगळ्यांसाठी एकच खुर्ची, जमिनीपासून १७ इंच.

दोनच गोष्टी मोजल्या. पहिली, हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला १० च्या खाली आणि पुरुषाला १२ च्या खाली जमलं तर पायांची ताकद कमी आहे असं समजतात. दुसरी, खुर्चीवरून उठून दहा फूट चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. आमच्याकडे पाच लाद्या म्हणजे बरोबर दहा फूट. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा.

आमच्यात नऊ जणांना १२ च्या वर लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, वय ७४: उठ-बस ७, चालणं १५ सेकंद. आकडे मोठ्याने सांगितले नाहीत. तरी दोघांनी एकमेकांना विचारून शर्यत लावलीच, ती थांबवली.

२३ जून

डावा-उजवाचा घोळ. मी समोर तोंड करून उभी, माझा उजवा हात त्यांना डावीकडे दिसतो. मी "उजवा" म्हणते, अर्धे माझ्याकडे बघून डावा उचलतात आणि शेजाऱ्यावर आपटतात. आरशासारखं करून बघितलं, तेही गोंधळाचंच. मग उपाय सापडला: पाम बीचकडचा हात आणि स्टेशनकडचा हात. आमच्या खोलीतून खाडीकाठचा पाम बीच रस्ता एका बाजूला, नेरुळ स्टेशन दुसऱ्या बाजूला, आणि हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं आहे. त्या दिवसापासून एकही चूक नाही.

आणखी एक गोष्ट. मी खिडकीकडे पाठ करून उभी राहायचे, म्हणजे चेहरा काळोखात. ज्यांना ऐकू कमी येतं ते ओठ वाचतात, हे कुणीच सांगितलं नव्हतं. जागा बदलली, सूचनांच्या वेळी पंखा एकवर.

२७ जून

बसून केलेल्या व्यायामातून थेट "उभे राहा" म्हटलं आणि एका काकांना अंधारी आली. त्यांना बीपीची आणि प्रोस्टेटची, अशा दोन गोळ्या आहेत, दोन्हींनी दाब उतरतो. बसवलं, मशीन लावलं: बसून १३४, उभं राहिल्यावर मिनिटाभरात ११०. वरचा आकडा २० ने उतरला तर डॉक्टरांना कळवायचं असतं. कळवलं, गोळीची वेळ बदलली.

वर्गाचा क्रम बदलला. उठण्याआधी घोटे दहा वेळा वरखाली, मुठी दहा वेळा उघड-मीट, मग उभं राहायचं, खुर्चीला धरून तीन श्वास, मगच पाऊल.

श्वासाचंही लिहून ठेवते. उठताना सगळे दम कोंडतात, त्याने दाब एकदम चढतो. "श्वास सोडा" कितीही सांगितलं तरी विसरतात. उठताना मोठ्याने आकडा म्हणायला लावला. बोलणारा माणूस दम कोंडू शकत नाही.

४ जुलै

रविवारी आषाढी एकादशी. पावली खेळू या असं त्यांनीच सुचवलं. तोलासाठी याहून चांगला व्यायाम मला शोधूनही सापडला नसता: एका पायावरून दुसऱ्यावर भार, पुढे, मागे, वळण, आणि सगळं "ज्ञानबा-तुकाराम"च्या ठेक्यावर.

पहिला प्रयत्न फसला. सगळ्यांच्या हातात टाळ दिले, म्हणजे आधाराला हात मोकळा नाही. दोन रांगा केल्या आणि पुढची रांग मागे येताना मागच्यांच्या पायावर. थांबवलं. मग एका वेळी चौघं, प्रत्येकाच्या बाजूला खुर्ची, टाळ फक्त बसलेल्यांकडे. ठेकाही उतरवला. तुळशीमाळवाले आजोबा, जे गेले महिनाभर मागच्या खुर्चीतून हलत नव्हते, ते पुढे येऊन पाय शिकवायला लागले. तो वर्ग ४५ ऐवजी ७० मिनिटं चालला.

१४ जुलै

संकष्टी. सातच्या तुकडीत पंचविसाव्या मिनिटाला एका काकूंना दरदरून घाम, बोलणं अडखळलं, हात थंड. मला आधी वाटलं हृदयाचं काही. ग्लुकोमीटर होता, लावला: ६१. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरलेली. सकाळी साखर उतरवणारी गोळी घेतलेली आणि उपवास म्हणून बिनसाखरेच्या चहाशिवाय पोटात काही नाही.

तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली. काकू मान हलवत होत्या, "चंद्रोदय झाल्याशिवाय नाही." शेजारच्या आजींनी समजावलं, साखर उपवासाला चालते. प्यायल्या. पंधरा मिनिटं थांबून परत मोजली: ८४. मग शेंगदाण्याचा लाडू, तोही उपवासाचाच. सुनेला बोलावून घरी पाठवलं, दुपारी डॉक्टरांना दाखवलं.

त्या बोलू शकत होत्या, गिळू शकत होत्या, म्हणून साखर देता आली. शुद्ध गेली असती तर तोंडात काही घालायचं नसतं, थेट १०८ ला फोन. म्हणून त्याच संध्याकाळी सराव केला: फोन कोण करणार, रुग्णवाहिकेला आणायला गेटवर कोण जाणार, घरच्यांचे नंबर कुठे. सरावात लक्षात आलं की सोसायटीचं मागचं गेट, जे खोलीला जवळ आहे, ते आठपर्यंत कुलुपात असतं.

आता दारात एकच प्रश्न, "काय खाल्लंत?" काही नाही म्हणणाऱ्याला आधी केळं. उपवासाचे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खुणा करून ठेवलेत, आणि इन्सुलिन-गोळ्यांवाल्यांनी उपवासाआधी डॉक्टरांशी बोलायचं हे चौघींच्या घरी जाऊन सांगितलं.

१६ जुलै ते १ ऑगस्ट

या पंधरा दिवसांत मी सर्वात मोठी चूक केली, आणि ती घाबरून केली. सगळं बसून घ्यायला लागले. हात वर, हात खाली, मान डावीकडे, मान उजवीकडे. कुणालाच काही झालं नाही. हजेरी मात्र २१ वरून १२ वर आली. मी पावसाला दोष देत राहिले.

१ तारखेला तिसऱ्या मजल्यावरच्या आजी वर्ग संपल्यावर थांबल्या. म्हणाल्या, "बाई, हे तर मी टीव्हीसमोर करते. मला संडासातून उठताना कडीला लटकावं लागतं, त्याचं काहीतरी शिकवा."

माझी आई एकदा मोरीत घसरली होती. हाड मोडलं नाही, पण आम्ही सगळ्यांनी मिळून तिला "बसून राहा" सांगितलं. ती बसून राहिली. दोन वर्षांत तिला कॉटवरून एकटीला उठता येईनासं झालं. आजींचं बोलणं ऐकताना तीच डोळ्यांसमोर होती, आणि मी इथे पुन्हा तेच करत होते.

४ ऑगस्ट

वर्ग नव्याने मांडला. दहा मिनिटं अंग मोकळं करणं. वीस मिनिटं ताकद: खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात टेकून जोर, टाचा उचलणं, पाण्याच्या बाटल्या घेऊन हात. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली म्हणजे अर्धा किलो, खर्च शून्य. आठ ते बारा वेळा करून शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा आरामात झाले तर पुढच्या वेळी लिटरची बाटली. दहा मिनिटं तोल. शेवटी पाच मिनिटं शांत.

प्रत्येक व्यायामाच्या तीन पायऱ्या: बसून, खुर्चीला धरून, न धरता. कुणी कुठल्या पायरीवर करायचं हे मी ठरवत नाही, त्यांनाच विचारते. खाली उतरायला कुणाला लाज वाटू नये म्हणून मीही अधूनमधून बसून करून दाखवते.

आजींसाठी: खुर्चीवर दुमडलेली गोधडी, म्हणजे उंची वाढते. हातांचा आधार न घेता दहा जमले की गोधडीची एक घडी कमी.

८ ऑगस्ट

श्रावण. बायकांनी फुगडीचा हट्ट धरला. गरगर फिरून चक्कर येते, हात सुटला तर दोघी पडतात, म्हणून नाही म्हटलं. त्याऐवजी झिम्मा: समोरासमोर टाळ्या, पाऊल पुढे-मागे, वेग त्यांचाच. दबलेल्या मणक्याच्या काकू ताठ पाठीने खेळल्या. सूर्यनमस्काराचा आग्रह धरणाऱ्या एका काकांनाही समजावलं: चाळीस वर्षांची सवय असेल तर घरी, डॉक्टरांना विचारून करा, पण या वर्गात सगळ्यांसाठी नाही. ते आठवडाभर रुसले, मग आले.

१८ ऑगस्ट

मुसळधार पाऊस. वर्ग बंद. सगळ्यांना फोन करून ओट्याला धरून दूध उतू जाईपर्यंत टाचा उचलायला सांगितलं. पाच जणींनी खरंच केलं.

२० व २२ ऑगस्ट

जमिनीवरून उठणं. पडल्यानंतर मार लागलेला नसताना तासन् तास जमिनीवर पडून राहावं लागतं, ते उठता येत नाही म्हणून. सतरंजी अंथरून सगळ्यांना एकदम खाली बसवलं, हे चुकलं. तिघांना उठवायला मला आणि वॉचमनला मिळून पंधरा मिनिटं लागली, आणि गुडघा बदललेल्या काकांना गुडघा टेकवताच येईना.

शुक्रवारी उलट्या बाजूने घेतलं. आधी उभं राहून, खुर्चीच्या बैठकीला धरून फक्त एक गुडघा गादीवर टेकवायचा आणि उठायचं. ते पक्कं झालं की दोन्ही गुडघे. मग हात जमिनीला. मग कुशीवर. एका वेळी एकच जण. परत येताना तोच रस्ता: कुशीवर, हात-गुडघ्यांवर, खुर्चीपर्यंत रांगत, दोन्ही हात बैठकीवर, जोराचा पाय पुढे, उठून वळून बसा. गुडघा बदललेल्या काकांना यातून वगळलं, त्यांचं मैत्रीण वेगळं घेते.

३ सप्टेंबर

गौरी गेल्या. आठच्या तुकडीतल्या एक काकू सांगत होत्या, यंदा गौरीपुढची रांगोळी जमिनीवर बसून स्वतः काढली, आणि उठताना कुणाला हाक मारली नाही. सांगताना त्यांना रडू आलं, मलाही.

१० सप्टेंबर

बारा आठवड्यांनंतर मोजमाप. तीच खुर्ची, त्याच लाद्या. १८ जण हजर.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी: उठ-बस ७ वरून ११, चालणं १५ वरून साडेअकरा सेकंद. चालायला १२ च्या वर लागणारे नऊ होते, आता चार. दोघांचे आकडे जसेच्या तसे. बँकवाले काका मागे गेले, ऑगस्टमध्ये तापाने आठ दिवस झोपून होते. आठ दिवसांत इतकं जातं हे मला माहीत नव्हतं. आता आजारी पडलेल्याला तिसऱ्या दिवशी फोन करते आणि परत आल्यावर दोन आठवडे पहिल्याच पायरीवर ठेवते.

आतापर्यंतचा खर्च: खुर्च्या ४,२००, रबरी बूट ५७६, प्लास्टिकच्या खुर्च्यांचं वाया गेलेलं भाडं ९६०, बीपी मशीन १,८५०, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या १,३००, पायपुसणी, बादली, फॉर्म वगैरे ७४०. एकूण ९,६२६ रुपये. महिन्याला प्रत्येकी १५० रुपये घेतो, खोलीचं वीजबिल त्यातूनच.

६ ऑक्टोबर

तिसरी तुकडी सुरू, नऊ जण. या वेळी आधी घरोघरी जाऊन गोळ्यांचे डबे पाहिले, मग मोजमाप, मग वर्ग. बुधवारपर्यंतची कामं: चार खुर्च्यांचे रबरी बूट झिजलेत ते बदलायचे, साखरेची बरणी भरायची, शुक्रवारच्या संकष्टीवर लाल खूण करायची, आणि मागच्या गेटची दुसरी किल्ली करून कपाटाच्या दाराला आतून अडकवायची. आजींच्या खुर्चीवर आता गोधडी लागत नाही, ती नव्या तुकडीतल्या एका आजोबांना दिली.